नावापुढचा कंस

लिस्टोवेल,
मंगळवार, २७ ऑगस्ट २०१९

प्रिय डर्व्ला,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. आपल्या घरातून पत्र निघतं ते एक तर नाताळला, नाहीतर कुणाला पोचवून आल्यावर, म्हणून हे आधीच सांगून टाकलं. इकडे सगळं ठीक आहे. गवताची दुसरी कापणी झाली, गठ्ठे बांधून मागच्या शेडला लागले. ब्लॅकबेरी यंदा लवकर पिकल्या आणि त्यातल्या अर्ध्या तर कुत्र्यानेच खाल्ल्या. खालच्या डोळ्याने बघणारी ती काळी गाय, जिला तू घाबरायचीस, तिला जुळं झालं. दोन्ही वासरं आईवर गेलीत, आता तिघी मिळून माझ्याकडे खालून बघतात.

रविवारी तुझा फोन येतो. तू विचारतेस, आई, कशी आहेस? मी म्हणते, बरी आहे, पाऊस लागलाय. तू म्हणतेस, इकडेही. मग मी फोन बाबांकडे देते. तू गेल्यापासून आपल्या दोघींच्या तोंडून घोडा हा शब्द एकदाही निघालेला नाही. दोघी हट्टी, दुसरं काय. तुझी आजी म्हणायची, या घरातल्या बायका भांडत नाहीत, नुसत्या भांडी जोरात ठेवतात. फोनवर भांडी आपटता येत नाहीत म्हणून हे पत्र. शिवाय फोन स्वयंपाकघरात आहे, आणि तुझे बाबा हल्ली स्वयंपाकघरातून हलत नाहीत. का हलत नाहीत ते सांगते, पण आधी दुसरं सांगू दे.

मी रेसचा पेपर वाचायला शिकले.

हे वाक्य तू दोनदा वाचशील हे मला ठाऊक आहे. खुशाल वाच. मी, नोरीन हॅनफिन, रोज सकाळी चहाच्या किटलीला रेसचा पेपर टेकवून वाचते, आणि तोही मोठ्याने.

हा पेपर आपल्या उंबरठ्याच्या आत येत नसे हे तुला माहीत आहे. बाबा तो गाडीत बसून वाचायचे, रविवारी चर्च सुटल्यावर, नाहीतर संध्याकाळी ट्रॅक्टरवर, आणि घरात शिरायच्या आधी सीटखाली सरकवायचे. लग्न नवीन असताना एकदा त्यांना काहीतरी लपवताना मी पाहिलं. मला वाटलं, दारू. सीटखाली हात घातला तर पेपर निघाला. दारू असती तर निदान भांडता तरी आलं असतं. डोनीमामाला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं, त्यामुळे त्यांनी का लपवला हे मला विचारावं लागलं नाही आणि त्यांना सांगावं लागलं नाही. पेपर बाहेर राहिला, तो राहिलाच.

तर या जानेवारीत मी स्वतः जाऊन तो विकत आणला. फिडेल्माच्या दुकानात पावाखाली झाकून काउंटरवर ठेवला. तिने पाव उचलला, पेपर बघितला, मग मला बघितलं.

"नोरीन, हे तुझंच आहे का? की कुणी चुकून ठेवलं?"

मी म्हटलं, "इतकी वर्षं तुझ्याकडून पाव नेते, कधी विचारलंस पाव कुणासाठी?"

ती गप्प बसली, पण दुकानापुरतीच. त्या रविवारी फादरनी माझ्याशी हात मिळवताना तो जरा जास्तच वेळ धरून ठेवला, त्यावरून बातमी कुठवर पोचली ते कळलं.

का आणला, ते आता सांगायलाच हवं. बाबांनी गाडी चालवणं गुडघ्यामुळे सोडलं असं तुला फोनवर सांगितलंय. त्यांचा गुडघा तुझ्या माझ्यापेक्षा चांगला आहे. डोळे गेलेत.

एकदम नाही गेले, आणि अंधार झाला असंही नाही. ट्रलीच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर गोल काढून दाखवला: मधलं जातं, कडा राहतात. म्हणजे त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं तर माझ्या जागी करडा डाग दिसतो आणि भोवतीचं दार, कपाट, खिडकी सगळं जागच्या जागी. माझं तोंड बघायचं असेल तर त्यांना माझ्या बाजूच्या भिंतीकडे बघावं लागतं. आधी मला माहीत नव्हतं. मी बिलांचं काहीतरी बोलत होते आणि हा माणूस कॅलेंडरकडे बघत होता. मी चांगलीच तापले. तेव्हा म्हणाले, "तुलाच बघतोय गं." त्या दिवशी सगळं बाहेर आलं.

गोठ्यात अडत नाही. प्रत्येक गाय त्यांना हाताने कळते, आणि दूध काढायला शेजारचे लोक येतात. पण अक्षर गेलं. तुला सांगायचं नाही अशी मला शपथ घातली होती, ती मी आत्ता मोडली आणि मला काही वाटलेलं नाही.

त्यांचं ते गाडीत जाऊन बसणं मात्र चालूच होतं. गाडी जागेवरून हलत नव्हती, तरी रोज चहा झाला की अंगणात जाऊन आत बसायचे. जानेवारीत मी गाडी झाडायला घेतली, तर सीटखालचा पेपर नोव्हेंबरमधला. रोज जाऊन तोच उघडून बसत होते. डर्व्ला, मी तिथेच केरसुणी धरून उभी राहिले आणि मग सरळ गावात गेले.

परत आल्यावर पेपर किटलीला टेकवला आणि विचारलं, "कुठून वाचू?"

त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि म्हणाले, "वरून."

आता ते जागे झालेले दिसतात. उरलेलं नंतर लिहीन.


गुरुवार

बाबा शेजाऱ्यांबरोबर कुंपणाच्या खांबांवरून वाद घालायला गेलेत. वाद लांबणार, म्हणजे मला सवड आहे.

तू हसशील, पण सुरुवातीला मला त्या पेपरात काय लिहिलंय याचा पत्ताच लागेना. घोड्याच्या नावापुढे ११-४, ११-२, १०-१२. मी वाचलं, "अकरा एप्रिल, अकरा फेब्रुवारी, दहा डिसेंबर." बाबा म्हणाले, हे काय चाललंय? मी म्हटलं, वाढदिवस. अगं, ते घोड्याने पाठीवर न्यायचं वजन! अकरा स्टोन चार पौंड. बाबा इतके हसले की चहा नाकात गेला. वर म्हणाले, सगळ्या घोड्यांचा वाढदिवस एकच असतो, एक जानेवारी. मी म्हटलं, मग बरं आहे, एकाच केकमध्ये भागतं.

मग नावाच्या आधीची ती आकड्यांची माळ. तू ज्या म्हाताऱ्या करड्या घोडीवर नेहमी असतेस, स्लो केटल, तिची माळ आता मला पाठ आहे. शून्य, पी, मग तिरपी रेघ, मग चार, दोन, एक. मला वाटायचं शून्य म्हणजे धावलीच नाही. तर नाही, शून्य म्हणजे धावली, पण दहावी किंवा त्याच्याही मागे. पी म्हणजे हिच्याकडून होत नाही असं बघून जॉकीने मध्येच थांबवली. तिरपी रेघ म्हणजे मोठा खंड, वर्षभर किंवा जास्त. त्या काळात कुठे होती, पाय दुखत होता की मन, ते छापत नाहीत. आणि मग परत येऊन चौथी, दुसरी, पहिली. एवढ्याशा जागेत एवढं सगळं. आपल्या गावात याच्या निम्मं सांगायला फिडेल्माला अख्खी सकाळ लागते.

मी डावीकडून वाचायला लागले की बाबा टोकतात. म्हणतात, "उजवीकडून, नोरीन. शेवटचा आकडा आधी. तो कालचा असतो." मला सवय व्हायला वेळ लागला. मी माणसांनाही डावीकडूनच वाचत आलेय, आणि बरेचदा पहिल्या शून्याशीच थांबलेय. असो.

जमीन मात्र मला कुणी शिकवावी लागली नाही. जड, मऊ, दबणारी, घट्ट, हे पेपरवाले आज लिहितात, आपण चिखलात जन्म काढला. एकदा पेपरात लिहिलं होतं की लिमरिकला जमीन मऊ आहे. मी म्हटलं, मॉर्टी, दोन दिवस तिकडून जो पाऊस आला त्यात मऊ कुठली राहायला, टाच रुतत असेल. संध्याकाळी रेडिओवर सांगितलं, जमीन जड. तेव्हापासून बाबा आधी मला विचारतात आणि मग पेपराला.

आता तुझं.

पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, सगळ्या रेस वाचू का? म्हणाले, सगळ्या. सगळे घोडे? सगळे, आणि वर कोण बसलंय तेही. हे कशासाठी ते मला कळत होतं, मला कळतंय हे त्यांना कळत होतं, आणि आम्ही दोघंही चहा पीत होतो. तिसऱ्या की चौथ्या सकाळी तुझं नाव आलं. मी थांबले नाही, त्याच सुरात वाचलं, "डी. हॅनफिन, कंसात पाच." बाबा पावाला लोणी लावत होते. सुरी थांबली. मग पुन्हा चालू झाली आणि मी पुढचा घोडा वाचला.

त्यानंतर रोज आमचं तेच. तुझं नाव असलं की लोणी थांबतं.

पण तो कंसातला पाच माझ्या जिवाला लागला. कुणाच्या नावापुढे सात, कुणाच्या तीन, आणि मोठमोठ्या जॉकींच्या नावापुढे काहीच नाही. मी माझ्या मनाने अर्थ लावला: किती वेळा पडलीस ते. पाच वेळा पडली माझी पोर, आणि कुणी मला कळवलंही नाही. चर्चमध्ये मी पाच मेणबत्त्या लावत होते, बाबांना सांगायचे आईसाठी आणि डोनीसाठी आणि उरलेल्या अशाच. मे महिन्यात एक दिवस बघते तर कंसात तीन. आता माणूस पडलेलं परत कसं घेईल? तेव्हा मात्र मला राहवलं नाही. विचारलं, "मॉर्टी, डर्व्लाचे दोन कमी कसे झाले?"

तुझं नाव तसं मोठ्याने, कंस आणि घोडा सोडून, त्या टेबलावर पहिल्यांदा उच्चारलं गेलं.

त्यांनी मला समजावलं. नवशिक्या जॉकीला सूट असते. हात कच्चे, चुका होणार, म्हणून घोड्यावरचं वजन सात पौंडांनी हलकं करतात. थोड्या रेस जिंकल्या की सातचे पाच, आणखी जिंकल्या की तीन. "पडण्याचा काही संबंध नाही?" मी विचारलं. म्हणाले, "नाही गं. साखरेची दोन पाकिटं समज, तेवढी माफ." मी म्हटलं, मग मी मेणबत्त्यांत पैसे घालवले ते? ते म्हणाले, ते उपयोगी पडले असतील म्हणून तर तीन झाले.

ते हसत होते आणि डोळे पुसत होते. मग गोठ्यात गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

आणखी एक लिहायचं आहे, ते मी गेले दोन दिवस टाळते आहे. अक्षरांबद्दल. एफ म्हणजे घोडा पडला. यू म्हणजे घोडा उभा राहिला पण वरचा पडला. आर म्हणजे घोडा कुंपणापुढे थांबला आणि उडी मारायला नाही म्हणाला. आर मला आवडतो. एकदा बी आला. बाबा म्हणाले, "बी म्हणजे पुढचा पडला, आणि त्याच्यात अडकून हाही गेला. त्याचा स्वतःचा दोष नसतो."

मी पेपर खाली ठेवला. विचारलं, "डोनीचं काय होतं?"

तुला सांगितलं होतं तेवढंच तुला माहीत आहे: मामा शेतातल्या रेसमध्ये गेला. मला स्वतःलाही घरच्यांनी एवढंच सांगितलं होतं की तो घाईत होता. डोनी सगळ्यातच घाईत असायचा, जेवायलाही, लग्नाचं विचारायलाही, म्हणून मी ते खरं धरलं. राग धरला त्याच्यावर. गेलेल्या माणसावर राग धरून बसणं फार सोपं असतं, तो उलट बोलत नाही.

बाबा म्हणाले, "बी. मी त्या कुंपणापाशीच उभा होतो. त्याने उडी सुरेख घेतली होती, नोरीन. उतरायला जागाच नव्हती."

मी विचारलं, "इतकी वर्षं का सांगितलं नाहीस?"

म्हणाले, "तू पेपर आत येऊ देत नव्हतीस."

तू म्हणशील, हे ऐकून तर भीती वाढायला हवी. चांगली उडी घेऊनही असं होतं म्हटल्यावर उरलं काय? मलाही तसं वाटेल असं वाटलं होतं. पण त्या दिवशी मी वर जाऊन डोनीचा फोटो कपाटातून काढला आणि खिडकीत ठेवला. अजून तिथेच आहे. त्याच्यावरचा राग गेला, तर तो किती आठवतो ते कळलं. तुझी उजवी भुवई त्याच्यासारखी वर जाते, हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

वादावादी संपलेली दिसते, पावलं वाजताहेत. कोण जिंकलं ते चेहऱ्यावरून कळेल.


शनिवार, ३१ ऑगस्ट

कालच पत्र टाकायचं होतं, पण टाकलं नाही ते बरं झालं. आज सकाळी काय झालं ते ऐक.

नेहमीसारखं वाचत होते. दुसरी रेस, पाचवा घोडा. मी वाचलं, "डी. हॅनफिन," आणि थांबले.

बाबा म्हणाले, "पुढे?"

"पुढे काही नाही."

"कंसात तीन ना?"

"कंसच नाहीये, मॉर्टी."

मी खरोखर घाबरले. वाटलं, काहीतरी गुन्हा झाला, तुझं काढून घेतलं, पंचांनी शिक्षा केली. वरचं बघितलं, खालचं बघितलं. इतरांचे कंस शाबूत होते, फक्त तुझा गेला होता. मी म्हटलं, छापायचा राहिला असेल, फोन करू का डर्व्लाला? बाबांनी सुरी बशीत ठेवली. हात टेबलावर सपाट ठेवले, आणि माझ्या खांद्याच्या बाजूला, किटलीकडे बघत, म्हणजे माझ्याकडे बघत, म्हणाले, "काल संध्याकाळी जिंकली असणार. सूट संपली तिची. आता ती बाकीच्यांइतकंच वजन घेऊन निघेल."

मग म्हणाले, "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. डी. हॅनफिन. किती मोकळं दिसतं गं ते कंसाशिवाय. मी ते चारपाच वेळा वाचलं असेल. पाव तसाच राहिला.

नंतर ते बाहेर गेले. बऱ्याच वेळाने मी बघायला गेले तर खालच्या फाटकाशी उभे, नदीकडे तोंड करून. पलीकडे रेसकोर्सच्या बेटावर रेसवाल्यांचं काम सुरू झालंय, तंबूंचे खांब उतरवताहेत. पुढच्या रविवारी, आठ तारखेला, रेस सुरू होतील. कॉमेंट्रीचा लाउडस्पीकर तपासत होते, कुणीतरी उगाच एक, दोन, तीन म्हणत होता आणि वाऱ्यावर ते तुटक तुटक येत होतं.

फाटक तेच, डर्व्ला. तू बॅग घेऊन निघालीस तेव्हा बाबांनी तेच धरून ठेवलं होतं, आणि मी तुझ्याकडे एकच मागितलं होतं. कुठेही जा, कशावरही बस, पण इथे बेटावर नको. वारा नदीवरून असला की कॉमेंट्री माझ्या अंगणात येते, माझ्या धुण्याच्या दोरीपर्यंत येते. तिथे तुझं नाव ऐकायला लावू नकोस. तू 'बरं' म्हणालीस. आणि पाळलंस. अख्खं केरी लिस्टोवेलला जमतं, घोडा मिळावा म्हणून जॉकी जीव टाकतात, आणि माझी मुलगी त्या आठवड्यात दुसरीकडे कुठेतरी असते. ट्रेनरना तू काय सांगतेस, देव जाणे. मी तो आठवडा पेपरात कधी वाचलेला नाही, यंदा पहिल्यांदा वाचणार आहे. त्यात काय नसेल ते मला आत्ताच ठाऊक आहे.

बाबांनीही मला कधी म्हटलं नाही की हे सोड. आजही म्हटलं नाही. मी जवळ जाऊन उभी राहिले तर म्हणाले, "यंदा वारा कसा असेल कोण जाणे."

मी म्हटलं, "असेल नेहमीसारखा."

"या भोंग्याचं एक आहे, नोरीन. नाव पूर्ण पोचत नाही, शेवटच पोचतं. तिचं घेतलं तर इथे नुसतं 'फिन' ऐकू येईल. मी मनात बोलून बघितलंय."

मी फाटकाची कडी नुसती वर-खाली करत राहिले.

ते म्हणाले, "मागत नाहीये मी. तू मागितलंस, तिने दिलं, ते तुमच्या दोघींचं. मी आपलं सांगतोय."

दर सप्टेंबरला हा माणूस त्या फाटकाशी उभा राहतो. मला वाटायचं, रेस ऐकतो. तो त्यात नसलेलं नाव कसं वाजेल ते ऐकत होता.

तर आता नीट वाच. हे माफीचं पत्र नाही. मी मागितलं ते चूक होतं असं मला वाटत नाही. भाऊ गमावलेल्या बाईने एवढं मागू नये तर काय मागावं? तू दिलंस ते मला पुरलं, त्यावर मी चार वर्षं झोपले. पण आता मी ते परत करते आहे. तुझं वचन सुटलं. यंदाच्या रेसच्या आठवड्यात, आणि पुढच्या प्रत्येक वर्षी, बेटावर ये.

घोडा कसाही असू दे. माळेत सगळी शून्यं असली तरी चालेल, मी शून्यं वाचायला शिकलेय. आर असला तर माझी काहीच हरकत नाही.

भीती गेली असं मात्र समजू नकोस. ती आहे तेवढीच आहे. म्हणून मी ठरवलंय की अंगणात बसून ऐकायचं नाही. आम्ही दोघं पुलावरून पलीकडे येऊ. डोनी गेल्यापासून मी तो पूल ओलांडलेला नाही, आणि तिथे गर्दीत बाबांचा हात धरून चालायचंय. शिवाय त्यांना कुणीतरी सांगायला हवं. तू कितवी आहेस, कुठल्या कुंपणाशी आलीस, उतरलीस का. म्हणजे मला डोळे मिटून घेता यायचे नाहीत. दोघांच्या वाटचं मलाच बघायचंय. पेपर वाचायचा मान मी घेतलाय, तर हेही माझ्याच वाट्याला.

एक सांगून ठेवते. रेस झाल्यावर तू जवळ आलीस की बाबा तुझ्याकडे बघणार नाहीत. तुझ्या कानाच्या पलीकडे, आभाळाकडे किंवा कुणा परक्या माणसाच्या टोपीकडे बघतील. वाईट वाटून घेऊ नकोस, ते तुलाच बघत असतील. माझे तर डोळे चांगले आहेत, तरी मी चार वर्षं तुझ्याकडे असंच बघितलं.

वरची खोली झाडून ठेवली आहे. गादी उन्हात टाकीन म्हटलं होतं, पण ऊन कुठे आहे. ब्लॅकबेरीचा जॅम कुत्र्याच्या कृपेने दोनच बरण्या झाला, एक तुझी. यायचं नक्की झालं की बाबांना फोनवर सांगू नकोस. त्यांना ते पेपरातून कळू दे. सकाळी मी वाचीन, आणि लोणी थांबेल.

मला यातलं काही येत नाही, डर्व्ला. पुलावर पाय अडेल, नको तिथे किंचाळेन, तू भेटलीस की बहुतेक हवामानावरच बोलेन. तेवढं सांभाळून घे. नवशिक्यांना जे देतात ते मलाही दे, पुढे जिंकत गेले की कमी करू.

तुझी आई,
नोरीन हॅनफिन (७)